डावीकडची जागा

१

बारकी नावाला बारकी होती. पन्नाशी उलटलेली, हाडापेराने दणकट, दारात उभी राहिली की मागचा उजेड अडवणारी बाई. पण थोरल्या बहिणीने लहानपणी एकदा बारकी म्हटलं ते म्हटलं. आई गेल्यावर ते नाव बदलायला घरात कोणी उरलंच नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात मात्र ती ताई होती, आणि तिथल्या सगळ्यात अंधाऱ्या खोलीची मालकीण.

त्या खोलीत एकच यंत्र. आडव्या ठेवलेल्या मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. पेशंटने त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि हातात बटण धरायचं. वाडग्यात इथे तिथे बारीक उजेड चमकत राहतो. दिसला की बटण दाबायचं. माणसाला नजरेच्या कडेचं किती दिसतं, ते यातून कळतं.

"मधल्या दिव्याकडे बघा. नजर हलवू नका," बारकी सांगायची.

"आणि एखादा दिवा दिसला नाही तर?" हे दर दुसरा पेशंट विचारायचाच.

"दिसला नाही हे तुम्हाला कळणार नाही. ते मला कळेल."

लोक हसायचे. ती गंमत म्हणून सांगत नसे, पण लोक हसले की तिलाही बरं वाटे.

त्या दिवशी एक तरुण शिक्षिका आली होती. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता अक्षरं गायब झाली, मग चमचमणारी नागमोडी रेघ दिसायला लागली, ती वाढत वाढत कडेला गेली आणि विझली. मागाहून डोकं असं ठणकलं की उलटी झाली. पोरीचा चेहरा उतरून गेला होता. "मी आंधळी होणार का हो ताई?"

"रेघ कशी होती? करवतीच्या दात्यांसारखी?"

पोरगी बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत?"

"कारण चौदाव्या वर्षापासून ती माझ्या घरी जेवायला आहे." बारकी तिच्याशेजारी स्टुलावर बसली. "अर्धशिशी म्हणतात हिला. डोकं दुखायच्या आधी हा असा तमाशा होतो. आता ऐक, डॉक्टरीणबाई सांगतीलच, पण मीही सांगते. पुन्हा आली की आधी एक डोळा झाकायचा, मग दुसरा. दोन्हीत सारखीच दिसली तर दुखणं डोळ्यांचं नव्हे, डोक्यातलं. नजर फिरवून बघ, तीही बरोबर फिरते. डोळे मिट, मिटले तरी दिसते. हळूहळू पसरते आणि निघून जाते. मग अंधार करून पडून राहायचं."

"आणि तसं नसलं तर?"

"एकाच डोळ्यात पडदा पडला, एकदम अंधार झाला, हात जड पडला, बोलताना जीभ वळेना, तर घरी बसायचं नाही. धावत यायचं."

पोरगी डोळे पुसत गेली. बारकीने यंत्र पुसलं आणि पुढच्याला हाक मारली.

२

घरी दोघीच होत्या, ती आणि अक्का. दोघींनी लग्नं केली नाहीत. अक्का म्हणायची, "मला धाकटी बहीण होती म्हणून जमलं नाही आणि हिला थोरली होती म्हणून." अक्का पडदे शिवायची. खिडकीशी मशीन, मशीनच्या डाव्या अंगाला एक बुटकं स्टूल, त्यावर शिवलेलं कापड येऊन पडायचं. समोर दोघींना पुरेल एवढा पट्ट्यापट्ट्यांचा सोफा. चौथ्या मजल्यावरची ही खोली दुपारी उन्हाने अशी भरायची की अक्का काम थांबवून डोळे मिटून बसायची.

रविवारच्या अशाच दुपारी बारकी सोफ्यावर पेपर वाचत होती आणि मथळ्यातलं मधलं अक्षर नाहीसं झालं.

"आली," ती म्हणाली.

"करवत?" अक्काने मशीनवरून मान न उचलता विचारलं. "गोळी घे आणि पड. मी पडदा ओढते थोड्या वेळाने, एवढी शिवण मारते."

बारकीने पेपर खाली ठेवला. आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं; नेहमीचा पाहुणा, नेहमीच्या दाराने येणार. मधलं भोक हळूहळू उघडलं, त्याच्या काठाला दाते फुटले, दाते लखलखत बाहेर सरकू लागले. मधलं पुन्हा स्वच्छ झालं आणि करवत चंद्रकोरीसारखी कडेला उभी राहिली. त्या कोरीच्या पोटात अक्का दिसत होती, मशीन दिसत होतं, स्टूल दिसत होतं.

स्टुलावर काहीतरी होतं.

राखाडी. करवतीचं सगळं थरथरत होतं, हे थरथरत नव्हतं. बारकीला वाटलं, पडद्याचं कापड असेल. मग वाटलं, कापडाला खांदा कसा असेल?

तिने सवयीने डावा डोळा झाकला. होतं. उजवा झाकला. होतं. नजर खिडकीकडे नेली. करवत तिच्याबरोबर खिडकीवर गेली. राखाडी गेलं नाही. ते स्टुलावरच राहिलं, नजरेच्या कडेला. तिने दोन्ही डोळे मिटले. मिटल्या पापण्यांच्या अंधारात करवत लखलखत होती, एकटीच.

म्हणजे करवत डोक्यातली होती. आणि ते दुसरं डोक्यातलं नव्हतं.

"अक्का, स्टुलावर काय ठेवलंयस?"

मशीन थांबलं. अक्काने वळूनही बघितलं नाही.

"काही नाही. का?"

बारकीने डोळे उघडले. करवत विझत आली होती. स्टूल रिकामं होतं. त्याच्या लाकडावर ऊन पडलं होतं, आणि धूळ.

३

माणसाचं मन मोठं वकिली असतं. बारकीच्या मनाने दोन दिवसांत खटला निकालात काढला: वय झालं, झोप कमी पडते, दुखणं रूप बदलतं. दवाखान्यात असे किती आले न् किती गेले. डॉक्टरीणबाईंना विचारायचं तिने ठरवलं आणि विचारलं नाही.

दरम्यान एका गिऱ्हाईक बाईने पडदा परत आणला. "अक्का, झोपेत शिवलात का हो?" उजवी कड सुबक दुमडून शिवलेली आणि डावी कड तशीच, दोरे लोंबत असलेली. अक्काने चष्म्याला दोष दिला. मग ती दाराच्या चौकटीला आपटली, डावा खांदा. पुन्हा तोच खांदा. सकाळी ती अर्ध्याच केसांवरून कंगवा फिरवून उठली. ताटात उजवीकडचे बटाटे संपवून म्हणाली, "आज अंडं केलं नाहीस?" अंडं ताटात होतं, डावीकडे, सोलून ठेवलेलं.

बारकीने ताट नुसतं फिरवलं. "हे बघ काय."

"अगंबाई," अक्का म्हणाली आणि खाऊ लागली.

दिवसभर लोकांच्या नजरेची कड तपासणाऱ्या बाईला आपल्याच घरातलं दिसू नये! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तिला दिसलं नाही असंही नाही. दिसत होतं, पण जे दिसतंय त्याला नाव दिलं की ते खरं होईल, म्हणून ती नाव देत नव्हती.

मग पुन्हा करवत आली. या वेळी सकाळी, कामावर निघताना, बूट घालताना. अक्का सोफ्याच्या तिच्या ठरलेल्या टोकाला बसून बटणं निवडत होती. दुसऱ्या टोकाला, अक्काच्या डाव्या बाजूला, ते बसलं होतं. त्याला चेहरा असलाच तर तो अक्काकडे वळलेला होता. बारकी बूट हातात धरून उभी राहिली. नजर हलवली, डोळे झाकले, मिटले, उघडले. जागचं हललं नाही. तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं,

"अक्का, तुला डावीकडचं दिसतं ना गं?"

"दिसतं की."

"मग बघत का नाहीस?"

अक्काने एक बटण उचललं, उजेडात धरलं, डबीत टाकलं. "कुणी इतकं जवळ बसलेलं असलं की टक लावून बघणं बरं नव्हे," ती म्हणाली. "आपण बघितलं की त्यांना वाटतं, बोलावलं."

४

बारकीने त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. यंत्रासमोर स्वतः बसवलं, हनुवटी टेकवली, डोळ्यावर पट्टी लावली.

"मधल्या दिव्याकडे बघ. नजर हलवू नको."

"माहीतंय. आयुष्यभर ऐकतेय तुझ्या तोंडून."

खोलीत अंधार झाला. यंत्र बारीक कुरकुरत होतं. उजवीकडे उजेड चमकला; बटणाचा टक् आवाज आला. पुन्हा उजवीकडे, टक्. मग डावीकडे चमकला. शांतता. डावीकडे खाली. शांतता. डावीकडे वर, सगळ्यात झगझगीत, जो आंधळ्यालाही जाणवावा. अक्काचा अंगठा बटणावर निवांत पडून होता.

दुसरा डोळाही तसाच निघाला.

डोक्याचा फोटो काढून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. त्या वयाने लहान, पण बोलताना समोरच्याचा हात धरून बोलायच्या. "अक्का, तुमच्या मेंदूच्या मागच्या भागातली एक रक्तवाहिनी बंद पडलीय. झटका येऊन गेलाय, दुखलं नाही म्हणून कळलं नाही. दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी बाजू गेलीय. डोळे चांगले आहेत. बघणारी जागा गेलीय."

"पण मला अंधार नाही दिसत तिकडे," अक्का म्हणाली.

"दिसणारच नाही. मेंदू रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. आजूबाजूचं घेऊन भरून टाकतो. कधी कधी माणसंही बसवतो तिथे. खूप जणांना दिसतात. घाबरायचं नाही, ती खरी नसतात."

बारकीचा जीव भांड्यात पडला. एवढ्या वाईट बातमीवर जीव भांड्यात पडावा याची तिला लाजही वाटली. अक्का बाहेर बाकावर बसल्यावर तिने दार लोटलं आणि आपलं सांगितलं. स्टूल, सोफा, खांदा.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "ताई, तुम्हाला आत कुठेतरी आधीच कळलं होतं. त्या डावीकडे वळत नाहीत हे तुम्ही रोज बघत होतात. डोक्याने कबूल केलं नाही, म्हणून डोळ्यांनी दाखवलं."

"ते नजरेबरोबर हलत नाही."

"ताई." त्यांनी हात धरला. "करवत चालू असताना तुम्ही किती नीट बघू शकता?"

बारकीला रोज एक घ्यायची गोळी मिळाली, करवत येऊच नये म्हणून. आणि अक्कासाठी व्यायाम. "त्यांना डावीकडे बघायला शिकवा. मान वळवून, मुद्दाम. दिवसातून पुन्हा पुन्हा. नाहीतर रस्ता ओलांडताना एक दिवस गाडीखाली जातील. एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात आहे."

५

गोळीने काम केलं. करवत बंद झाली. महिना गेला, दुसरा लागला, बारकीच्या डोळ्यांपुढे एक ठिणगीसुद्धा उडाली नाही. सोफा सोफ्यासारखा दिसे, स्टूल स्टुलासारखं. आणि तिला त्या खोलीत पाय ठेवताना पूर्वीपेक्षा जास्त भीती वाटू लागली. घरात साप दिसला तर माणूस काठी शोधतो. दिसला होता आणि आता दिसत नाही म्हटल्यावर त्याने काय शोधावं?

अक्का व्यायाम करेना. बारकीने भिंतीवर डावीकडे लाल पट्टी चिकटवली. "मान वळव आणि पट्टी शोध." अक्का मान वळवायची ती समोरपर्यंत. तिथून पुढे नाही.

"मानेत काही आहे का?"

"मानेत काही नाही."

"मग?"

"बारके, सोड ना."

बारकी डावीकडे जाऊन बसली तर अक्का डोळे मिटून घ्यायची. चिडली नाही, रडली नाही, नुसते डोळे मिटायची. उन्हात बसल्यासारखे.

मग इस्त्री झाली. डाव्या हाताजवळ तापलेली इस्त्री होती आणि अक्काने हात तिच्यावर टेकवला. बारकी कामावरून आली तेव्हा बहीण नळाखाली हात धरून उभी होती आणि खोलीभर जळकट वास भरला होता. तळहाताची कातडी वर आली होती. बारकीने मलम लावलं, पट्टी बांधली.

"उद्या गॅस असेल," ती ओरडली. "परवा जिना असेल! मी काय करू? नोकरी सोडून तुझ्या डावीकडे उभी राहू?"

"तिथे जागा नाही," अक्का म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडून हात बघितला आणि बारकीला बाजूला घेतलं. "आता लाड पुरे. हनुवटी धरून वळवा. एकदा बघितलं की तिथे कोणी नाही, तर भीती जाईल त्यांची."

एकदा बघितलं की तिथे कोणी नाही. बारकी दिवसभर ते वाक्य चघळत राहिली. वळवायला तिची ना नव्हती. पण त्याआधी तिला स्वतःला बघायचं होतं. आणि बघायचा तिच्याकडे एकच रस्ता होता.

तिने गोळ्या बंद केल्या. जेवण टाळू लागली, उपाशी राहिलं की करवत लवकर येते म्हणून. दवाखान्यात दिवे पुसायच्या निमित्ताने त्यांच्याकडे डोळे फाडून बघू लागली. जे दुखणं टाळायला ती जन्मभर डोळ्यांत तेल घालून बसली होती, त्याला आता ती आवतणं धाडत होती.

६

करवत सुट्टीच्या दिवशी आली, दुपारी, उन्हाच्या वेळी. अक्का सोफ्याच्या आपल्या टोकाला बसली होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. बारकी ओट्याशी कप विसळत होती. कपाचा कान नाहीसा झाला.

ती तशीच ओल्या हातांनी धावली. सोफ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि अक्काच्या डावीकडच्या जागेकडे रोखून बघितलं. पट्टे होते. निळा पट्टा, पांढरा पट्टा, निळा पट्टा, सोफ्याच्या हातापासून पाठीपर्यंत सलग. एक डोळा झाकून बघितलं. पट्टे. दुसरा झाकून बघितलं. पट्टे. सुरकुती नाही, सावली नाही, काही नाही.

कोणी नव्हतं. करवत चालू होती आणि तिथे कोणी नव्हतं!

बारकीला हसू आलं आणि रडूही आलं. "अक्का, कोणी नाही गं. मी बघितलं. मला दिसतं ना, मला दिसायचं ते, तुला सांगितलं नव्हतं मी. आता नाहीये. रिकामं आहे."

"बारके, नको."

"एकदाच. माझ्यासाठी."

"तू बघतेयस ना, मग झालं. मला नको बघायला लावूस." अक्काचा आवाज लहान झाला होता. बारकीने बहिणीचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. आई गेली त्या दिवशीसुद्धा नाही. "इतके दिवस सांभाळलंय मी. नाही बघितलं. एकदाही नाही."

"तेच तर. बघितलं नाहीस म्हणून भीती आहे."

तिने अक्काची हनुवटी धरली. ओल्या हातात ती हनुवटी केवढीशी लागली. मान ताठ झाली, विरोध करू लागली. बारकीच्या दणकट हातांपुढे तो विरोध काय टिकणार? तिने हळूच, पण न थांबता, तो चेहरा वळवला. समोर. समोरून पुढे. अक्काने डोळे घट्ट मिटले होते.

"उघड."

अक्काने डोळे उघडले.

आणि तेव्हाच बारकीच्या नजरेतलं मधलं भोक पसरून कडेकडे सरकू लागलं, दाते लखलखले, आणि तिला कळलं. जे ती रोज दहा जणांना सांगायची ते तिला स्वतःला तेव्हा कळलं. सुरुवातीला भोक मधोमध असतं. रोखून ज्याकडे बघावं तेच नेमकं त्यात जातं. आणि भोक काळं नसतं. आजूबाजूचे पट्टे घेऊन ते भरून निघतं, निळा, पांढरा, निळा, सलग. तिने रिकामी जागा बघितली नव्हती. तिने फक्त तिला जे दिसत नव्हतं ते बघितलं होतं.

मधलं स्वच्छ झालं.

ते तिथेच होतं. बसलेलं नव्हतं आता. पुढे वाकलं होतं, अक्काच्या तोंडाशी तोंड येईल इतकं, एखाद्या बहिऱ्या माणसाने ओठ वाचायला वाकावं तसं. बारकीचा हात अजून हनुवटीवर होता, आणि बोटांच्या पाठीवर तिला गार हवा लागली. थांबून थांबून. लागली, गेली. लागली.

मग करवतीने सगळं झाकलं, आणि डोक्यात कोणीतरी घण घातला.

अक्का ओरडली नाही. पुष्कळ वेळाने, बारकी जमिनीवर कपाळ टेकून पडली असताना, वरून तिचा आवाज आला. शांत, थोडासा नवलाचा.

"असं आहे होय," अक्का म्हणाली.

ते बारकीला म्हटलेलं नव्हतं.

७

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "बघा! केवढी प्रगती आहे." अक्का आता डावीकडे बघत होती. आपटत नव्हती, ताटातलं डावीकडचं खात होती. यंत्रावर तपासलं तर डावी बाजू गेलेली ती गेलेलीच. पण मान वळवून ती काम भागवत होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

एवढं मात्र त्यांना दिसलं नाही, की ती मान परत येत नव्हती.

सकाळी उठल्यापासून अक्का डावीकडे बघत बसायची. पडदे राहिले. बटणं राहिली. अधूनमधून ती मान डोलवायची, कोणी लांबण लावून काही सांगत असलं की आपण डोलवतो तशी. ओठ हलायचे. एकदा ती मोठ्याने हसली; बारकी स्वयंपाकघरातून आली तर अक्काच्या डोळ्यांत हसून पाणी आलेलं.

"काय झालं गं?"

उत्तर नाही. बारकी तिच्या उजवीकडे उभी होती, आणि उजवीकडचं सगळं दिसत होतं अक्काला. यंत्राने तसं दाखवलं होतं. तिने हाक मारली. खांद्यावर हात ठेवला. अक्काने तो हात, माशी झटकावी तसा, न बघता बाजूला केला.

बारकीने हनुवटी धरून तो चेहरा आपल्याकडे वळवून पाहिला. वळला. मान ताठ नव्हती, विरोध नव्हता. डोळे तेवढे मागे राहिले, कोपऱ्यात, डाव्या कोपऱ्यात, पांढरं दिसेपर्यंत. बारकीने सोडून दिलं. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात रडून घेतलं.

गोळ्या तिने पुन्हा सुरू केल्या नव्हत्या. तरी करवत येईना. ती उपाशी राहिली, दिव्यांकडे बघत राहिली, कपाळ भिंतीवर आपटून बघितलं. येईना. यंत्रासमोर पेशंट बसवताना तिचं लक्ष उडू लागलं. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "ताई, सुरू झालं का?" तेव्हा तपासणी कधीच संपली होती.

ती शिक्षिका पुन्हा आली, या वेळी हसत. करवत तिलाही पुन्हा येऊन गेली होती. "तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन्ही डोळ्यांत दिसली, नजरेबरोबर फिरली, मिटल्यावर दिसली. मग घाबरलेच नाही." तिने मिठाईचा पुडा टेबलावर ठेवला. "तुमच्यामुळे मला कळलं, काय खरं आणि काय नाही."

बारकीने पुडा घेतला.

८

संध्याकाळी ती घरी आली. चपला काढल्या, पुडा ओट्यावर ठेवला. अक्का सोफ्यावर होती, तशीच, तिकडेच बघत. खिडकीतून उतरता उजेड येत होता आणि दूध नासल्यासारखा फिका पिवळा पडला होता.

"अक्का, आले मी."

काही नाही.

बारकी बराच वेळ खोलीच्या मधोमध उभी राहिली. आयुष्यात तिला हाक मारणारं हे एकच माणूस होतं. ताई म्हणणारे पुष्कळ होते. बारकी म्हणणारी एकच. या घरात आता तिला दिसायचं असेल, तर जागा एकच होती.

ती सोफ्याच्या डाव्या बाजूने गेली. पट्टे सलग होते. तिने खाली बघितलं, मग बघायचं सोडून दिलं. बसायला वाकली आणि बसवेना. अशी अर्धवट वाकून, एक हात सोफ्याच्या पाठीवर ठेवून, ती बहिणीच्या तोंडासमोर आली.

अक्काची नजर तिच्यावरून गेली. थांबली. परत आली.

"अगं, बारकी," अक्का म्हणाली.

किती आठवड्यांनी! "हो गं. मीच."

"उभी का?"

"बसते."

"बस की. दिवसभर त्या अंधाऱ्या खोलीत असतेस. दमली असशील." मग अक्काने मान थोडी आणखी वळवली, बारकीच्या पलीकडे, आणि पूर्वी घरातल्या मांजराला बोलायची तशा लाडिक, दटावणीच्या सुरात म्हणाली, "सरक जरा. तिला बसू दे."

बारकीच्या अंगाखाली सोफ्याची गादी हलली. मधला खोलगटपणा सावकाश भरून आला, आणि पलीकडच्या टोकाला, सोफ्याच्या हाताशी, पट्टे खाली दबत गेले.

दार तिच्या पाठीशी होतं, उघडंच. जिना होता, खाली रस्ता होता, दिवे लागत होते. बारकीला ते सगळं माहीत होतं. ती बसली. सोफा दोघींपुरता, अक्काला चिकटूनच बसावं लागलं. अक्काने पट्टी बांधलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तोंडभर हसली, पूर्वीसारखी, अगदी पूर्वीसारखी.

"बघ," ती म्हणाली. "मावलो की सगळे."

बारकीने हसून मान हलवली. बहिणीच्या चेहऱ्यावरून तिने नजर काढली नाही. तिच्या डाव्या मांडीला गार लागत होतं, थांबून थांबून.